पर्यटन व्हिसा: अर्ज स्वतः करायचा की एजन्सीला द्यायचा?

पहिल्यांदा परदेशी निघालेल्या माणसाला सल्ले मिळतात ते दोन टोकांचे. एक जण म्हणतो, ‘एजंटाशिवाय भानगडीत पडू नकोस, रिजेक्ट होऊन बसशील.’ दुसरा म्हणतो, ‘फॉर्म भरायचे कसले पैसे द्यायचे? तासाभराचं काम.’ दोघंही आपापल्या अनुभवावरून बोलत असतात. पण एकाला ई-व्हिसा हवा होता, दुसऱ्याला शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा सामाईक व्हिसा. एकाची पक्की नोकरी होती, दुसऱ्याचा धंदा रोखीचा.

माझं मत आधीच सांगून टाकते. तुमचं घोडं फॉर्मवर, वेळेवर किंवा भाषेवर अडलं असेल, तर एजन्सीचे पैसे वसूल होतात. ते तुमच्या परिस्थितीवर अडलं असेल, म्हणजे उत्पन्न, जुना नकार, परत येण्याची खात्री यांवर, तर एजन्सीच्या हातात फारसं काही नसतं. आपण नेमके कुठे अडलो आहोत हे ओळखायला एक संध्याकाळ पुरते. ती कशी वापरायची, ते पायरीपायरीने बघू.

आधी कोण कोण आहे ते ओळखा

व्हिसा देतं किंवा नाकारतं ते त्या देशाचं सरकार: दूतावास, वाणिज्य दूतावास किंवा इमिग्रेशन खातं. व्हीएफएस ग्लोबल, टीएलएसकॉन्टॅक्ट, बीएलएस इंटरनॅशनल या कंपन्या अनेक सरकारांसाठी अर्ज केंद्रं चालवतात. तिथे कागद जमा होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतले जातात, पासपोर्ट परत मिळतो. निर्णयाशी त्यांचा संबंध नसतो. खिडकीपलीकडचा कर्मचारी फार तर ‘हा कागद यादीत आहे, तुम्ही जोडलेला नाही’ एवढं सांगेल. त्याच्या चेहऱ्यावरून निकालाचा अंदाज बांधणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं.

एजन्सी या दोघांपेक्षा वेगळी. ती तुमच्या वतीने फॉर्म भरते, कागद लावते, अपॉइंटमेंट घेते. आणि चौथा प्रकार परवानाधारक सल्लागार किंवा इमिग्रेशन वकिलाचा. तो कायद्याचा सल्ला देतो. कॅनडात हा फरक कायद्यानेच ठरवला आहे: पैसे घेऊन तुमचं प्रतिनिधित्व करणारी व्यक्ती तिथल्या सल्लागारांच्या नियामक संस्थेची (तिला ‘कॉलेज’ म्हणतात) सदस्य, वकिलांच्या संघटनेची सदस्य किंवा क्युबेकची नोटरी असावी लागते, आणि तिची नेमणूक वेगळ्या फॉर्मवर जाहीर करावी लागते. ऑस्ट्रेलियातही नोंदणीकृत मायग्रेशन एजंटांची यादी सगळ्यांना बघता येते. तुमची एजन्सी ‘आमचं नाव कुठेही टाकू नका’ म्हणत असेल, तर ती असं का म्हणते हे विचारा.

पायरी १: एजन्सी लागतेच का, ते तपासा

काही ठिकाणी निवडीचा प्रश्नच येत नाही. उत्तर कोरियाची सहल टूर कंपनीमार्फतच होते. तुर्कमेनिस्तानसाठी वर्षानुवर्षं निमंत्रणपत्र लागत आलं आहे आणि पर्यटकाला ते तिथल्या टूर कंपनीकडून मिळतं. उलट भूतानसाठी पूर्वी भारतीय वगळता बहुतेक परदेशी पर्यटकांना टूर ऑपरेटर सक्तीचा होता. सप्टेंबर २०२२ मध्ये देश पुन्हा खुला झाला तेव्हापासून प्रवाशाला स्वतः ऑनलाइन अर्ज करता येतो. थोडक्यात, काही वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या माणसाचा सल्ला आजही लागू असेलच असं नाही.

दुसऱ्या टोकाला ई-व्हिसा आणि प्रवासापूर्वीची ऑनलाइन परवानगी: व्हिएतनामचा ई-व्हिसा, अमेरिकेची ईस्टा, ब्रिटनची ईटीए (या शेवटच्या दोन परवानग्या ज्यांना तिथे व्हिसा लागत नाही अशा देशांच्या नागरिकांसाठीच). यात पासपोर्टची माहिती, फोटो, थोडे प्रश्न आणि कार्डने पैसे, एवढंच असतं. मोबाइलवर तिकीट काढता येत असेल तर हेही येईल. इथे एजन्सीला पैसे देण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

मात्र सगळ्यात जास्त लोक फसतात तेही इथेच. सर्च केलं की वरच्या दोन-तीन जागा जाहिरातींच्या असतात, आणि त्यामागच्या साइट सरकारी साइटसारख्याच दिसतात: झेंडा, निळी पट्टी, ‘अर्ज करा’चं मोठं बटण. अर्ज बहुतेक वेळा खराच पुढे पाठवला जातो, फक्त मूळ शुल्काच्या कितीतरी पट पैसे घेतले जातात. पत्त्यात ‘गव्ह’ आहे का बघा, असं सगळे सांगतात, पण तेवढ्याने भागत नाही. ब्रिटनचा पत्ता ‘गव्ह डॉट यूके’ने संपतो, फ्रान्सच्या व्हिसा साइटच्या पत्त्यात ‘गव्ह’ऐवजी फ्रेंच पद्धतीचं ‘गुव्ह’ असतं, आणि कॅनडाचा पत्ता नुसता ‘कॅनडा डॉट सीए’. म्हणून सर्चच्या भरवशावर न राहता त्या देशाच्या दूतावासाच्या किंवा परराष्ट्र खात्याच्या साइटवर जा आणि तिथल्या दुव्यावरून पुढे सरका.

पायरी २: फॉर्म स्वतः उघडा आणि भरायला घ्या

एजन्सीला फोन लावण्याआधी हे करा, मग अर्ज शेवटी कोणीही भरो. अधिकृत साइटवरून कागदपत्रांची यादी काढा आणि फॉर्म उघडून जमेल तेवढा भरा. सबमिट करायचं नाही, पैसेही भरायचे नाहीत. अमेरिकेचा डीएस-१६० असो, ब्रिटनचा अर्ज असो, अर्धवट सेव्ह करून ठेवता येतो.

भरताना दोन याद्या करा. एकीत ‘उत्तर माहीत आहे, शोधावं लागेल’ असे प्रश्न: जुन्या पासपोर्टचा नंबर, नोकरी लागल्याची तारीख, आईवडिलांची जन्मतारीख, मागच्या परदेश प्रवासांच्या तारखा. दुसरीत ‘काय लिहावं कळत नाही’ असे प्रश्न. पहिली यादी कितीही लांबली तरी घाबरू नका. ती माहिती एजन्सीही तुमच्याकडूनच मागणार आहे, त्यामुळे शोधाशोध चुकत नाही. निर्णय दुसऱ्या यादीवरून होतो.

पायरी ३: घोडं कुठे अडलंय?

दुसरी यादी जवळजवळ कोरी असेल, तर अर्ज स्वतः करा. वेळ मात्र राखून ठेवा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण छाननी वाढली तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतात. ब्रिटनचा अर्ज तीन महिने आधीपासून करता येतो आणि ठसे दिल्यावर साधारण तीन आठवडे धरावे लागतात.

यादीत प्रश्न आहेत, पण ते तांत्रिक आहेत: सहा जणांचं कुटुंब, प्रत्येकाचा वेगळा फॉर्म, लहान मुलांसाठी पालकांचं संमतीपत्र, कागद दुसऱ्या भाषेत, त्यांचं प्रमाणित भाषांतर, आणि तुम्हाला ऑफिसातून डोकं वर काढायला फुरसत नाही. मग एजन्सी खुशाल घ्या, त्यात कमीपणा नाही. रोज शंभर फाइली लावणाऱ्या माणसाला फोटोचा आकार, कागदांचा क्रम आणि कुठल्या केंद्रावर कशावरून परत पाठवतात हे तोंडपाठ असतं. फक्त पहिल्यांदा ठसे द्यायला स्वतःच जावं लागतं, हे लक्षात ठेवा. शेंगेनसाठी एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात, कॅनडासाठी दहा वर्षं. त्या मुदतीत पुन्हा अर्ज केला तर मात्र तुमची फेरी वाचू शकते.

खरा पेच तिसऱ्या प्रकारात आहे. आधी व्हिसा नाकारला गेलाय, कुठे मुदतीपेक्षा जास्त राहणं झालंय, नुकतीच नोकरी सोडलीय, उत्पन्न रोखीत येतं, खर्च दुसरं कोणी करणार आहे. नेमकी हीच माणसं एजन्सीकडे धावतात, आणि एजन्सीचा उपयोग सगळ्यात कमी यांनाच होतो.

बँक स्टेटमेंटचंच बघा. महिन्याच्या एक तारखेला पगार, पाच तारखेला हप्ता, मग किराणा, बिलं, शेवटी थोडी शिल्लक. असे पाच महिने. आणि अर्जाच्या आठ दिवस आधी अचानक पगाराच्या दहापट रक्कम जमा. ‘बॅलन्स थोडा दाखवा’ या एजंटाच्या सल्ल्याचा हा परिणाम. स्टेटमेंट बघणारा अधिकारी आकड्यापेक्षा आधी त्या ओळीवर थांबतो, कारण तिथे पैसे आले कुठून हे लिहिलेलं नाही. ती रक्कम खरोखर तुमचीच असेल, मुदत ठेव मोडून आलेली असेल किंवा गाडी विकून, तर त्याचा कागद जोडा आणि अर्जासोबतच्या पत्रात (कव्हर लेटर) दोन ओळी लिहा. रक्कम उसनी असेल तर ती तिथे नसलेलीच बरी. आहे त्या शिल्लकेत बसेल असा लहान प्रवास आखा.

कव्हर लेटरचंही तेच. ‘आपल्या सुंदर देशाची संस्कृती अनुभवण्याची माझी तीव्र इच्छा आहे’ या थाटाचं छापील पत्र एकाच एजन्सीच्या कित्येक फाइलींत सापडतं. नाव आणि तारीख बदललेली, बाकी मजकूर तोच, कधीकधी मागच्या अर्जदाराचं शहरसुद्धा तसंच राहिलेलं. तुमची बाजू तुम्हालाच मांडायची आहे: कधी जाणार, कुठे राहणार, खर्च कोण करणार, परतल्यावर कामावर कधी रुजू होणार. साध्या भाषेत एक पान पुरे.

जुना नकार, हद्दपारी किंवा गुन्ह्याची नोंद असेल, तर पैसे परवानाधारक सल्लागारावर किंवा वकिलावर खर्च करा. एक तासाचा सल्ला घेऊन फॉर्म स्वतः भरला तरी चालतं. पुष्कळांना मधला मार्गही पुरतो: अर्ज स्वतः तयार करायचा आणि जमा करण्याआधी जाणकाराकडून एकदा तपासून घ्यायचा.

पायरी ४: पैशांचे तीन रकाने

एजन्सी एकच गोळा आकडा सांगते. तो तीन रकान्यांत फोडून मागा: सरकारी शुल्क, अर्ज केंद्राचं सेवाशुल्क आणि एजन्सीची फी. पहिले दोन आकडे अधिकृत साइटवर मिळतात. उदाहरणार्थ, जून २०२४ पासून शेंगेनचं शुल्क प्रौढांना ९० युरो, सहा वर्षं पूर्ण ते बारा वर्षांखालच्या मुलांना ४५ युरो आणि सहा वर्षांखालच्यांना काहीच नाही. तान्ह्या बाळाचंही पूर्ण शुल्क लावलं असेल तर पुढे बोलायचीच गरज नाही. नकार आला तर सरकारी शुल्क परत मिळत नाही, म्हणून ‘रिफंड’ म्हणजे नेमका कुठला रकाना, तेही विचारून घ्या.

वरचे खर्च वेगळे: कुरिअर, एसएमएस, झेरॉक्स, प्रीमियम लाउंज. लाउंजमध्ये खुर्ची मऊ असते, निकालावर परिणाम शून्य. ब्रिटनसारख्या देशात जादा पैसे भरून निर्णय लवकर मिळवता येतो; तिथेही लवकर मिळतो तो निर्णय, होकारच मिळेल असं नाही. प्रवास विमा शेंगेनला सक्तीचा आहे, किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. तो एजन्सीकडूनच घ्यावा असा कुठलाही नियम नाही.

पायरी ५: एजन्सीला काय विचारायचं

उत्तरं मेलवर मागा. तोंडी उत्तरं फार गोड असतात.

- भरलेला फॉर्म जमा करण्याआधी मला पूर्ण वाचायला मिळेल का?
- फॉर्ममध्ये मेल आणि मोबाइल नंबर कुणाचा टाकणार?
- माझा पासपोर्ट तुमच्याकडे किती दिवस राहील? पोच मिळेल का?
- हॉटेल आणि विमानाचं बुकिंग खरं असेल का? ते रद्द कधी होणार?
- नकार आला तर तुम्ही काय कराल आणि त्याचे वेगळे पैसे किती?

चौथ्या प्रश्नावर बरेच जण अडखळतात. ‘डमी बुकिंग’, म्हणजे फक्त फाइलीत दाखवण्यापुरतं बुकिंग, हा या धंद्यातला रोजचा शब्द आहे. शेंगेनसाठी तिकिटाचे पूर्ण पैसे आधी भरावे लागत नाहीत, आरक्षण चालतं. पण अर्ज जमा केल्याच्या दुसऱ्याच दिवशी हॉटेल रद्द झालं आणि दूतावासाने हॉटेलला फोन केला, तर उत्तर द्यायची वेळ तुमच्यावर येते. फुकट रद्द करता येणारं बुकिंग स्वतःच्या नावाने करा आणि निकाल लागेपर्यंत त्याला हात लावू नका.

‘त्या देशाचा व्हिसा कठीण, याचा काढू, मग कुठेही फिरा’ हा आणखी एक लाडका सल्ला. शेंगेनचा नियम सरळ आहे: जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज, दिवस सारखे असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. दहा दिवस इटलीत राहून अर्ज तिसऱ्याच देशाकडे केलेला असेल, तर सीमेवर प्रश्न येऊ शकतात आणि पुढच्या अर्जाच्या वेळी जुना हिशेब निघू शकतो.

अपॉइंटमेंट मिळत नसेल आणि कोणी ‘आमच्याकडे स्लॉट आहे’ म्हणून जादा पैसे मागत असेल, तर तो स्लॉट तुमच्याच नावाने आणि पासपोर्ट नंबराने घेतला जाणार आहे का, ते बघा. दुसऱ्याच्या नावाने अडवून ठेवलेला स्लॉट ऐनवेळी रद्द होऊ शकतो. आणि कोणी शंभर टक्के खात्री दिली, ‘आत ओळख आहे’ म्हणाला, की तिथून उठायचं.

पायरी ६: काम दिलं तरी चाव्या आपल्याकडे

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि लोक गाळतात तीही हीच.

मेल आणि मोबाइल नंबर तुमचाच हवा. दूतावासाला एखादा कागद कमी वाटला तर ते मेल करतात आणि मुदत देतात. मेल एजन्सीच्या इनबॉक्समध्ये गेला, तिथला माणूस रजेवर असला, की मुदत टळते आणि तुम्हाला पत्ताच नसतो. ऑनलाइन खातं असेल तर त्याचा पासवर्ड तुमच्याकडे हवा. डीएस-१६०चा अर्ज क्रमांक आणि सुरक्षा प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवा. अर्ज भरायला कोणी मदत केली का, हा प्रश्न त्या फॉर्ममध्येच आहे, त्याचं खरं उत्तर द्या. फॉर्म दुसऱ्याने भरला असला तरी शेवटची ऑनलाइन सही अर्जदारानेच करायची, असाही तिथे नियम आहे.

मग भरलेला फॉर्म शांतपणे वाचा, विशेषतः जिथे जिथे ‘नाही’ लिहिलंय तिथे. ‘पूर्वी कोणत्याही देशाने व्हिसा नाकारला आहे का?’ ‘त्या देशात कोणी नातेवाईक आहेत का?’ ‘कधी अटक झाली होती का?’ घाईतला एजंट या सगळ्यांवर सरसकट ‘नाही’ करत सुटतो. पाच वर्षांपूर्वीचा एखादा नकार तुम्हीही विसरलेले असता. तो नकार सांगितला असता तर बहुधा निभावलं असतं, लपवला की प्रकरण खोटेपणाचं होतं. चुकीची माहिती दिल्याबद्दल कॅनडात पाच वर्षांची बंदी येऊ शकते, ऑस्ट्रेलियात तीन वर्षांची, ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत. अमेरिकेत फसवणुकीचा ठपका कायमचा असतो आणि खास माफी मिळाली तरच पुढे जाता येतं. ‘एजंटाने भरलं होतं’ या सबबीवर सुटका होईल अशी आशा ठेवू नका, कारण सही तुमची असते.

जमा केलेल्या प्रत्येक कागदाची स्कॅन प्रत मागून घ्या. अमेरिकेच्या मुलाखतीला एजंट आत येत नाही. प्रश्न थोडेच असतात, आणि तुमची उत्तरं फॉर्मशी जुळायला हवीत. स्वतःचाच फॉर्म न वाचलेला माणूस ‘कोणकोणती शहरं बघणार?’ या साध्या प्रश्नावर गडबडतो.

नकार आला तर

पहिली गोष्ट, नकाराचं पत्र स्वतः बघा. ‘काही नाही, पुन्हा लावू’ एवढ्या निरोपावर दुसरी फी देऊ नका. शेंगेनचा नकार ठरावीक छापील फॉर्मवर येतो, कारणांपुढे खूण असते आणि अपील कुठे, किती मुदतीत करायचं तेही लिहिलेलं असतं. अमेरिकेत पर्यटकांना बहुतेक वेळा २१४(बी) या कलमाखाली नकार मिळतो. परत येण्याबद्दल अधिकाऱ्याची खात्री पटली नाही, असा त्याचा अर्थ. त्यावर अपील नाही. पुन्हा अर्ज करता येतो, पण परिस्थितीत काही बदल नसेल तर तेच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. कारण कागदाच्या त्रुटीचं असेल तर स्वतः दुरुस्त करून लावा. कारण परिस्थितीचं असेल तर एजन्सी बदलून काही साधत नाही.

पासपोर्ट हातात आल्यावर

पाकीट केंद्रावरच उघडा आणि स्टिकर वाचा: नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट नंबर, तारखा, किती वेळा प्रवेश, किती दिवस मुक्काम. शेंगेनच्या स्टिकरवर ‘पासून-पर्यंत’ या तारखांमधलं अंतर मुक्कामाच्या दिवसांपेक्षा जास्त असू शकतं, कारण त्यात बहुधा १५ दिवसांची सवलत धरलेली असते. राहायचं मात्र ‘दिवस’ या रकान्यातल्या आकड्याइतकंच. प्रवेशाच्या रकान्यात ‘०१’ असेल आणि तुम्ही मध्ये लंडनला जाऊन परत पॅरिसला येणार असाल, तर त्या एका प्रवेशावर परत आत येता येणार नाही. चूक दिसली तर त्याच दिवशी केंद्राला किंवा दूतावासाला लेखी कळवा, आणि एजन्सी मध्ये असली तरी मेल स्वतःच्या पत्त्यावरून करा.